नांगका नावाची चार वादळं

३ जून २०२०, बुधवार

सकाळपासून टीव्हीवर एकच, निसर्ग वादळ येतंय. ह्यांनी गॅलरीतल्या कुंड्या आत घेतल्या आणि खिडकीच्या फटीत जुनी फडकी कोंबली. दुपारी वारा सुटला, समोरच्या चाळीवरचं निळं प्लास्टिक फाटून वायरींना लटकलं, तेवढंच. वादळ अलिबागच्या अंगावर गेलं. भांडुपला नुसता पाऊस.

निधीचा ऑनलाइन वर्ग रद्द झाला होता. माझा फोन घेऊन ती वादळांची नावं मोठ्याने वाचत बसली. "आजी, ही नावं आधीच ठरलेली असतात. निसर्ग नाव बांगलादेशाने दिलंय. एकदा वापरलं की संपलं. परत कधीच नाही."

मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, "नांगका बघ गं."

तिने टाइप केलं. "आजी, तीन आहेत."

"काय तीन?"

"नांगका. दोन हजार तीन, दोन हजार नऊ, दोन हजार पंधरा."

पोळी करपली. मी इतकी वर्षं समजत होते की नांगका म्हणजे एकच. ते आलं, माझ्या प्रीतमची बोट घेऊन गेलं आणि संपलं. निधी म्हणाली, तिकडे जपान-चीनच्या बाजूला नावं फिरवून वापरतात. यादी संपली की पहिल्यापासून सुरू. तिने बोटाने यादी खाली सरकवून दाखवली. नांगका पुन्हा रांगेत आहे. बहुतेक ह्याच वर्षी लागेल.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "नाव काय, कोणाक पण देतत."

संध्याकाळी सुनेला, अनुपमाला, लॅबमधल्या सौरभने बाइकवरून आणून सोडलं. मुलुंडच्या त्या पॅथॉलॉजी लॅबला ह्या दिवसांत सुट्टी नाहीच. तो राहतो मुलुंडलाच, म्हणजे तिला सोडायला मुद्दाम इकडे येतो. भला मुलगा आहे. पावसात भिजला होता तरी चहाला वर आला नाही.

४ जून

कालपासून डोक्यात तेच. डायरीत काय, कोणी वाचणार नाही, तरी सगळं एकदा नीट लिहून काढते.

प्रीतम लाकडाचे ओंडके वाहणाऱ्या बोटीवर इंजिनात काम करायचा. जुलै २०१५ मध्ये बोट सॉलोमन बेटांकडून जपानला निघाली होती. शेवटचा फोन आला तेव्हा मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ड्यूटीवर होते. म्हणाला, "आई, पुढे वादळ आहे, नांगका नावाचं. आमचा कूक मलेशियाचा आहे, तो म्हणाला नांगका म्हणजे फणस. बाबांना सांग, फणस आडवा आलाय." आम्ही दोघं हसलो. चौदा जुलैला बोट बुडाली. दोन माणसं ओंडक्याला धरून तरंगत होती, ती जपानी जहाजाने उचलली. बाकीची मिळाली नाहीत. मिळाली नाहीत म्हणजे मिळाली नाहीत. मेली असं कोणी बघितलेलं नाही. दोघं ओंडक्याला धरून जगू शकतात तर तिसरा का नाही? ओंडके काय दोनच होते?

चौकशीत लिहिलं की माल सरकला म्हणून बोट कलंडली. दोष मालाचा. वादळाचा नाही. कंपनीच्या कागदावरून पुढच्या वर्षी दाखला आला, तो ह्यांनी जाऊन घेतला. मी हात लावलेला नाही. अनुपमाने मंगळसूत्र काढलं नाही. मी तिला कधी तसं सांगितलं नव्हतं, तिचं तिनेच ठरवलं. माझ्या बहिणी म्हणतात, अशी सून मिळायला नशीब लागतं.

११ जून

निधीने फोनमधल्या त्या वादळांच्या पानावरचं सगळं वाचून दाखवलं. २०१५ च्या नांगकापुढे जपानातले दोन मृत्यू आहेत. बस. बोटीचा उल्लेख नाही. म्हणजे त्यांच्या लेखी त्या वादळाने प्रीतमचं काहीच केलं नाही.

पण एक गोष्ट कळली. एखाद्या वादळाने फार विध्वंस केला तर ते नाव कायमचं काढून टाकतात. परत कोणत्याही वादळाला देत नाहीत. समिती आहे त्यासाठी.

नांगका का काढलं नाही? कारण कोणी मागितलंच नाही.

उद्या कुठल्या तरी फालतू वादळाला हे नाव देतील. दोन दिवस पाऊस पाडून ते विरून जाईल आणि लोक म्हणतील, नांगका ना, काही विशेष नव्हतं. हे मला चालणार नाही. नाव काढायला लावायचं. जानेवारीत टेलिफोन खात्याने मुदतीआधी निवृत्ती देऊन आम्हाला सगळ्यांना घरी बसवलं, तेव्हापासून मला काही काम नाही. हे काम आहे.

२८ जून, रविवार

सौरभला बोलावलं होतं. त्याचं इंग्रजी चांगलं. दारात सॅनिटायझर लावून, मास्क न काढता, खुर्चीच्या टोकावर बसला. निधीने त्याला तिची चित्रं दाखवली, त्याने एकेक नीट बघितलं. अनुपमा पोहे करत होती. तो म्हणाला, "अनु, माझ्यात मिरची कमी." लॅबमध्ये सगळे तिला अनुच म्हणत असतील.

त्याने आधीच बरंच वाचून काढलं होतं. माझ्या आधी त्याला हे सगळं माहीत, ह्याचं नवल वाटलं. समितीतल्या देशांपैकी कोणीतरी मागणी करावी लागते. भारत त्या समितीत नाही.

"म्हणजे आपण कोणीच नाही?"

"तसंच काहीसं, काकू. पण लिहायला काय हरकत आहे? समितीला लिहू, जपानच्या केंद्रालाही लिहू."

लॅपटॉपवर त्याने मसुदा केला आणि वाचून दाखवला. चांगला होता. पण त्यात ‘माय सन डाइड’ असं होतं.

मी म्हटलं, "डाइड काढ. मिसिंग घाल."

 तो हळूच म्हणाला, "काकू, मिसिंग घातलं तर ते विचारातच घेणार नाहीत. माणसं गेली, नुकसान झालं, तरच नाव काढतात. बेपत्ता माणसासाठी कसं काढतील?"

"मग माणूस गेला हे मी कसं लिहू?"

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. अनुपमा दारात येऊन उभी राहिली. हे गॅलरीत होते. शेवटी निधी म्हणाली, "पोहे गार होतायत."

मेल पाठवला नाही.

६ जुलै

अनुपमाशी वाद. निधीने विचारलं होतं, बाबा कसे बोलायचे. मी म्हटलं, आल्यावर ऐक तूच. अनुपमाने निधीला आत पाठवलं आणि म्हणाली, "आई, तिला असं सांगू नका प्लीज. ती आठ वर्षांची आहे. शाळेत सांगते, माझे बाबा जपानला आहेत."

"मग काय खोटं आहे?"

ती निधीच्या मागे आत गेली. दमलेली असते हल्ली. दिवसभर लोकांच्या नाकात काड्या घालायच्या.

१४ जुलै, मंगळवार

पाच वर्षं.

मी घरात काही करू देत नाही ह्या दिवशी. गोडधोड नाही, नैवेद्य नाही. मेलेल्यांचं असतं ते. हे सकाळी मास्क लावून कुठेतरी गेले, दोन तासांनी आले, डोक्यावरून अंघोळ करूनच आत आले. विचारलं तर म्हणाले, "जरा फिरान इलंय." कुठे फिरतात ह्या दिवसांत?

अनुपमाने सुट्टी टाकली होती. मी समजले, त्याच्या आठवणीत बसायचं असेल. पण चारच्या सुमारास सौरभचा फोन आला आणि ती खाली गेली. वरून बघितलं तर दोघं गेटपाशी उभी होती, मध्ये अंतर ठेवून. बोलत नव्हती. नुसती उभी. लॅबमध्ये काही तरी झालं असावं, कोणी दगावलं असेल. वर आली तेव्हा डोळे लाल होते. मी चहा दिला. तिने माझा हात धरला. तिने असा हात कधी धरला नव्हता. मला वाटलं, दुःख आमच्या दोघींचं एकच आहे.

२ ऑगस्ट, रविवार

लिहिलं.

रोज यादी बघत होते. एकेक नाव संपतंय. नांगकाच्या आधी आता मोजकी उरलीत. आज सौरभ येऊन बसला तेव्हा मी म्हटलं, "घाल डाइड. फक्त समितीसाठी. ते काही मराठीत नाहीये."

तो म्हणाला, "काकू, राहू दे ना. नाही पाठवला तरी चालेल. उत्तर येईलच असं नाही."

"मी सांगते ते टाइप कर."

पण त्याचे हात चालेनात. मग मीच लॅपटॉप ओढला. एका बोटाने टाइप केलं. माझा मुलगा प्रीतम गुणाजी चिंदरकर १४ जुलै २०१५ रोजी नांगका वादळात मरण पावला. हे नाव पुन्हा वापरू नये अशी त्याच्या आईची विनंती आहे. एवढंच. त्याचं सगळं मोठं मोठं पुसून टाकलं.

"वाचून दाखव," मी म्हटलं. सौरभने अनुपमाकडे बघितलं. वाचलं तिने. पहिलं वाक्य वाचून थांबली आणि बाथरूममध्ये गेली. नळ बराच वेळ सोडून ठेवला होता. ह्यांनी उठून दार वाजवलं नाही की मला वाजवू दिलं नाही.

मी बटण दाबलं. माझं काही झालं नाही. खोटं लिहिताना माणसाला काही होत नाही.

१७ सप्टेंबर

सर्वपित्री. दरवर्षीप्रमाणे ह्यांच्या आई-वडिलांचं पान वाढलं. ह्यांनी गच्चीवर नेलं. मागून मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले तर कठड्यावर तीन पानं मांडलेली. म्हटलं, तिसरं कोणाचं? हे म्हणाले, "मोजूक चुकलंय." वय झालं. कावळ्याने आधी तिसऱ्याच पानाला चोच लावली आणि हे खाली बसले. चक्कर आली असावी. उपाशीपोटी उन्हात उभे होते.

मेलला उत्तर नाही. ‘आपला संदेश मिळाला’ एवढं मशीनचं आलं आहे.

१२ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी दहाला वीज गेली. आधी वाटलं आमचीच, मग कळलं सगळ्या मुंबईची. असं कधी झालं नव्हतं. लिफ्ट बंद, पंप बंद, निधीचा वर्ग बंद. फोनची बॅटरी कालचीच, जेमतेम.

दुपारी सौरभचा फोन. "काकू, लागलं."

"काय लागलं?"

"नाव. दक्षिण चीन समुद्रात आहे. हैनान बेटाकडे जातंय. त्यांनी त्याला नांगका म्हटलंय."

मी "बरं" म्हटलं आणि ठेवला. टीव्ही लागत नव्हता. संध्याकाळी वीज आली तेव्हा सगळ्या बातम्या विजेच्याच होत्या. कोणाचं डायलिसिस थांबलं, कोणाचे मासे सडले. मी सगळे चॅनेल फिरवले. तिकडचं काही नाही.

ह्यांना सांगितलं. बोटं मोजत म्हणाले, "तेव्हा पण अधिक म्हैनो होतो. आषाढ. ह्यो पण अधिकच." मग उठून देवाजवळ दिवा लावला. एरवी मी लावते.

१४ ऑक्टोबर

हैनानवरून गेलं, मग व्हिएतनामला. तिथे आधीच्या लिन्फा वादळाने पूर आलेला आहे, माणसं गेलीत, घरं गेलीत. नांगकाने त्यात आणखी पाऊस घातला. आज विरलं. दोन दिवस.

त्यांच्या पानावर नांगकाच्या यादीत चौथी ओळ आली. निधी म्हणाली, "आजी, आता तिसरं वर सरकलं." खरंच सरकलं होतं.

१९ ऑक्टोबर

उत्तर आलं. सौरभने फोनवर वाचून दाखवलं, मग छापून अनुपमाबरोबर पाठवलं. सभ्य भाषेत आहे. मागणी सदस्य देशाकडूनच यावी लागते. २०१५ च्या वादळाबाबत त्या वेळी तशी मागणी झालेली नव्हती. बोटीच्या दुर्घटनेची नोंद वादळाच्या हानीत नाही. आपल्या मुलाच्या निधनाबद्दल आम्हाला मनापासून दुःख आहे.

निधन. त्यांना मीच कळवलं होतं.

अनुपमा म्हणाली, "आई, तुम्ही प्रयत्न केलात." पाठीवर हात ठेवला. मी झटकला. का झटकला, माहीत नाही.

२२ नोव्हेंबर, रविवार

दुपारी जेवणं झाल्यावर अनुपमा समोर येऊन बसली. ह्यांनी निधीला खाली नेलं. ते आधीच ठरलेलं होतं हे आता कळतंय.

"आई, बोलायचंय."

"बोल ना."

"मी आणि सौरभ लग्न करायचं म्हणतोय."

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, "कुठला सौरभ?" जसे काही दहा सौरभ येतात घरी.

 माझ्या डोळ्यांसमोर ते पोहे आले, गेटपाशी उभी असलेली ती दोघं आली. बावळट मी. टेलिफोन खात्यात जन्म गेला, अर्ध्या गावाची बोलणी जोडून दिली, आणि घरातलं ऐकू आलं नाही.

"प्रीतम आला तर?"

"आई, तुम्हीच लिहिलंत."

"ते समितीसाठी लिहिलं होतं."

"मला माहितीये. पण मी वाचलं ना." तिचा आवाज चढला नाही. "तुम्ही लिहिलेलं मी मोठ्याने वाचलं आणि पाच वर्षांत पहिल्यांदा मोकळेपणी रडले. ह्या घरात कोणाला रडता येत नव्हतं आई. रडलं की तुम्ही विचारायचात, काय झालं, कोण गेलंय?"

मी तसं विचारायचे. आठवतंय.

"म्हणजे दोघांनी मिळून माझ्याकडून लिहून घेतलंत."

"नाही. त्याला तर नको होतं. म्हणाला, काकूंकडून असं लिहून घेऊन आपण काय मिळवणार. तुम्हीच ऐकलं नाहीत."

मग मी बोलू नये ते बोलले. इथे लिहीत नाही. प्रीतमचं नाव काढलं, निधीचं काढलं, तिच्या आईवडिलांचं काढलं. ती ऐकत बसली. शेवटी मंगळसूत्राकडे बोट करून म्हटलं, "मग हे कशाला घालून फिरत होतीस? नाटक?"

"तुमच्यासाठी," ती म्हणाली.

काढलं नाही तिथे. आत जाऊन काढलं असेल. संध्याकाळी गळा मोकळा होता.

२३ नोव्हेंबर

ह्यांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"दोन वर्सां."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

 हे म्हणाले, "तो पोरगो माझ्याकडे इलेलो. लॅबच्या बाहेर उभो ऱ्हवान म्हणालो, काका, तुमी हो म्हटलात तर. मिया सांगलंय, माझा हो आसा. पण तिका दुखवून नको. ती तयार होय पर्यंत थांबा." ती म्हणजे मी. "आपलो झील गेलो, इरावती. माका पयल्या दिवसाच कळला. चौदा जुलैक मी दरवर्साक देवळात जातंय, औंदा बंद दारासमोर उभो ऱ्हवलंय. पान ठेवतंय."

मी विचारलं, "तिसरं पान त्याचं होतं?"

ह्यांनी होकाराची मान हलवली.

पाच वर्षं मला वाटायचं, ह्या घरात मी एकटीच वाट बघते आहे. बाकीचे तिघे माझी वाट बघत होते.

५ डिसेंबर

अनुपमाशी बोलत नाही. ती माझं ताट वाढून झाकून जाते. मी जेवते.

२० डिसेंबर, रविवार

परवा नोंदणी पद्धतीने लग्न झालं. हे गेले होते, सही केली. मी गेले नाही. आज निधीचं सामान न्यायला सौरभ आला. दारात उभा राहून म्हणाला, "काकू, मुलुंड काय लांब नाही. दर रविवारी आणीन."

"आण," मी म्हटलं.

निधीने कपाटातून सगळी पुस्तकं काढली, चित्रं काढली. प्रीतमचा फोटो घेऊ का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, एकच आहे. अनुपमा म्हणाली, "राहू दे निधी, इथेच राहू दे." तेव्हा मी तो भिंतीवरून काढून निधीच्या पिशवीत घातला. चांगुलपणा म्हणून नाही. भिंतीवर ठेवला तर ह्यांनी हार घातला असता, तो मला बघवला नसता.

खाली रिक्षा उभी होती. निधीने वर बघून हात केला. मी गॅलरीत होते, पण हात वर गेला नाही. ह्यांनी दोन्ही हात हलवले.

३१ जानेवारी २०२१

सतरा तारखेला निधी आली होती. तासभर. सौरभला तिने ‘ए बाबा’ म्हटलं आणि पटकन माझ्याकडे बघितलं. मी शेंगदाणे निवडत होते. ऐकलं नाही असं दाखवलं. दोन रविवार मग ती आलीच नाही, सर्दी आहे म्हणून.

८ मार्च

समितीची बैठक झाली म्हणे फेब्रुवारीत. आता त्या पानावर लागलं आहे. गेल्या वर्षीची पाच नावं कायमची काढली. मी स्वतःच वाचलं, आता वाचता येतं. लिन्फा काढलं. यादीत लिन्फा आणि नांगका शेजारी शेजारी होती. लिन्फा काढलं, नांगका ठेवलं.

लिन्फाच्या पुरात जी माणसं बुडाली त्यांच्या नातेवाइकांनी समितीला काही लिहिलं असेल असं वाटत नाही. त्यांना त्याची गरजच पडली नाही. त्यांची माणसं मोजली गेली होती.

नांगका पुन्हा पाच-सहा वर्षांनी येईल. मग परत. तेव्हा ह्या पानावर पाच ओळी होतील, सहा होतील. २०१५ ची ओळ मधेच कुठेतरी.

फोन बंद करून ठेवला. ह्यांनी विचारलं, "काय गो?" म्हटलं, काही नाही.

२१ मार्च

मीच ह्यांना म्हटलं, गावच्या भटजींना फोन लावा. ह्यांनी लावला आणि माझ्याकडे दिला.

भटजींनी विचारलं, देह मिळाला होता का. नाही म्हटलं. मग आधी दर्भाचा पुतळा करून त्याचं दहन करावं लागेल, म्हणाले, त्यानंतर पुढचं. तारीख विचारली. चौदा जुलै दोन हजार पंधरा. पंचांग चाळायचा आवाज आला. "अधिक आषाढ होता तो. अधिकातली तिथी दरवर्षी येत नाही, बाई. साध्या आषाढात करायचं. ह्या वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला येतंय. चालेल?"

"चालेल."

"गोत्र सांगा. आणि मृताचं नाव."

गोत्र सांगितलं, नाव सांगितलं. गावात रेंज नाही, त्यांना ऐकू जाईना. "काय म्हणालात? परत सांगा." मी खिडकीशी गेले, मग गॅलरीत गेले. एक्स्चेंजमध्ये बोलायचे तशी एकेक अक्षर सुटं करून बोलले. त्यांनी लिहून घेतलं तोवर नाव मला तीनदा सांगावं लागलं.